रामटेके चालता कंट्रोलर ओढतात

दर गुरुवारी सकाळी, बँकेच्या सगळ्या शाखांत काउंटरपुढे रांगा लागलेल्या असताना, म्हणजे कुणाही शहाण्या माणसानं मशीनकडे बोटसुद्धा दाखवू नये अशा वेळी, आमचे रामटेके मशीनरूममध्ये जायचे, चालू मशीनचा खटका दाबायचे आणि त्याचा मेंदू ड्रॉवर ओढावा तसा बाहेर ओढायचे.

मी अतिशयोक्ती करत नाही. माझं सगळं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं. तिथं कौतुकसुद्धा बेतानं करतात, अतिशयोक्ती कुठून करणार? पहिल्यांदा हा प्रकार घडला तेव्हा मी तिथंच उभी होते. मी बँकेच्या प्रशासन विभागात. पंखे, फिनेल, शिपायांचे गणवेश आणि एसी ही माझी खाती. मशीनरूमशी माझा संबंध थंडावा आणि झुरळं एवढ्यापुरताच. त्या दिवशी एसीवाल्याला घेऊन गेले, तर रामटेके मशीनसमोर हात जोडून उभे असावेत तसे उभे होते. आमचे महाव्यवस्थापक शेजारी. रामटेक्यांनी खटका दाबला आणि ओढलं. मशीनच्या डाव्या बाजूचे हिरवे दिवे एकदम विझले. साहेबांनी एसीवाल्याचा दंड धरला.

मग उजव्या बाजूचे दिवे क्षणभर थबकले, आणि भराभर लुकलुकू लागले. तिकडे शाखाशाखांत माणसं पासबुकं पुढे सरकवत होती, क्लार्क बटणं दाबत होते, आणि त्यातल्या एकालाही कळलं नाही की आपण आत्ता एका मेंदूवरून दुसऱ्या मेंदूवर गेलो. माझ्या अंगावर काटा आला. तो एसीचा नव्हता, कारण एसी बंद होता.

रामटेके वळले. ओढलेला कंट्रोलर अजून हातात, चेहऱ्यावर बारशाच्या घरातला आनंद. म्हणाले, "काही झालं का?"

साहेबांनी एसीवाल्याचा दंड सोडला.

"नाही झालं ना? मग छान झालं."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. काहीही न होणं हा त्यांच्या मते जगातला सर्वांत मोठा सोहळा होता, आणि तो दर आठवड्याला साजरा करावा असा त्यांचा आग्रह होता.

रामटेके मूळचे भंडाऱ्याकडचे. इंजिनियर होऊन पुण्यात आले, ते नव्या खाजगी बँका काचेची दारं लावून आमच्यासमोर येऊन बसल्या त्या काळात. आमच्या संचालकांना तेव्हा जाग आली. जाडजूड खातेवह्या गेल्या, शाखाशाखांतले सुटे कॉम्प्युटर गेले, आणि सगळ्या बँकेची स्मरणशक्ती मुख्य कार्यालयातल्या एका कपाटाएवढ्या मशीनमध्ये येऊन बसली. ते मशीन सांभाळायला रामटेके आले. सावळे, किरकोळ अंगाचे, शर्टाची सगळी बटणं लावणारे. बोलायचे शुद्ध, पण आनंद झाला किंवा घाबरले की भंडारा बाहेर यायचा.

मला त्या मशीनची गोष्ट त्यांनीच सांगितली, आणि ती मी तुम्हाला तशीच सांगते, कारण मला त्याहून जास्त काही कळत नाही. कपाटात खाली डिस्का असतात. त्यांवर सगळ्यांची खाती. वर दोन कंट्रोलर. एक काम करतो.

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा पाहत राहतो."

"म्हणजे जागा दोघांना, काम एकाला. हे तंत्रज्ञान आपल्या बँकेत कितीतरी वर्षांपासून आहे."

पुणेरी टोमणा रामटेक्यांना कधीच लागायचा नाही. ते त्याचा गंभीरपणे विचार करायचे. "नाही मॅडम," ते म्हणाले, "तुमचा दुसरा माणूस पाहत नाही. तो चहाला जातो."

हे दोन कंट्रोलर म्हणे सतत एकमेकांना विचारत असतात. आहेस? आहे. आहेस? आहे. त्यासाठी दोघांमध्ये एक वेगळी तार असते. त्या तारेवर दुसरं काही बोलणं नाही. ना कामाचं, ना सुखदुःखाचं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर आमच्या घरातलं संभाषणही साधारण याच पातळीवर आलं होतं, त्यामुळे मला हे चटकन समजलं. एकाकडून 'आहे' आलं नाही की दुसरा उठतो आणि त्याचं काम हातात घेतो. नुसतं काम नाही, त्याचा पत्ताही घेतो. म्हणजे कुणी पहिल्याच्या नावानं हाक मारली, की ओ द्यायला दुसरा हजर.

"हाक मारणाऱ्याला पत्ताही लागत नाही की ओ देणारा बदलला," रामटेके म्हणाले, आणि मशीनच्या दाराला त्यांनी हात लावला. म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, सगळा पंजा टेकवून.

तारांच्या बाबतीत आमचं एकदा भांडण झालं. मशीन बसवणाऱ्या कंपनीनं मागच्या बाजूच्या केबली अशा सुरेख बांधल्या होत्या की मी माहेरच्या माणसांना दाखवायला आणलं असतं. डाव्या कंट्रोलरच्या दोन्ही केबली डाव्या स्विचला, उजव्याच्या दोन्ही उजव्याला. स्विच म्हणजे शाखांकडे जाणाऱ्या सगळ्या तारा जिथं एकत्र येतात ती पेटी. रामटेक्यांनी आल्या आल्या ते सगळं सोडलं आणि प्रत्येक कंट्रोलरची एक केबल या पेटीला, एक त्या पेटीला, अशी फुली मारून ठेवली. पाहवेना.

"अहो, काय हा गुंता," मी म्हणाले. "केवढी छान वेणी घातली होती."

"वेणी छान होती मॅडम. पण एका पेटीत बिघाड झाला असता तर धडधाकट कंट्रोलरपण नुसता बसून राहिला असता. माणूस जिवंत, अन् दाराशी जायला वाट नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "एक वाट बंद झाली तरी दुसरी पाहिजे. अन् ती आहे असं नुसतं मानायचं नाही. पाहायचं."

'पाहिलंत का, की मानलंत?' हा त्यांचा दुसरा मंत्र. हा प्रश्न ते मशीनपुरता ठेवत नसत. जनित्रात डिझेल आहे म्हटलं, की विचारायचे. मागच्या दाराची किल्ली पहारेकऱ्याकडे आहे म्हटलं, की विचारायचे. एकदा मी म्हणाले, बँकेत चहा करणारे दोन शिपाई आहेत, एक रजेवर गेला तरी अडत नाही. रामटेक्यांनी साहेबांकडे जाऊन पहिल्या शिपायाला दुसऱ्याच दिवशी सुट्टी मिळवून दिली. दुसऱ्यानं केलेला चहा सगळ्या मजल्यांवर तसाच पडून राहिला. "पाहा," रामटेके मला म्हणाले, "आता कळलं ना? खऱ्या अडचणीत कळलं असतं तर?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. मला मात्र तो चहा प्यावा लागला.

सर्वांत हाल झाले ते कुलकर्ण्यांचे. कुलकर्णी हे त्यांचे मदतनीस, म्हणजे मशीनला हात लावायची परवानगी असलेला बँकेतला दुसरा माणूस. म्हणून रामटेके त्यांच्याबरोबर एका लिफ्टमध्ये जात नसत. एका रिक्षात बसत नसत. कॅन्टीनमध्ये कुलकर्ण्यांनी मिसळ घेतली की रामटेके पोहे घेत, आणि रामटेक्यांना मिसळ हवी असेल त्या दिवशी कुलकर्ण्यांच्या वाट्याला पोहे. "दोघांचं पोट एकाच दिवशी बिघडलं तर?" कुलकर्ण्यांनी शेजारच्या इमारतीत जाऊन चोरून मिसळ खाल्ल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. बँकेतला चाळिशी ओलांडलेला अधिकारी, खांबाआड उभा राहून रस्सा ओरपत होता.

मशीनच्या बाबतीत एवढ्या निर्धास्त माणसाला भीती मात्र एकाच गोष्टीची होती. कंट्रोलर मरण्याची नाही. दोघं जिवंत असताना मधली तार तुटण्याची. मग डाव्याला वाटतं उजवा गेला, उजव्याला वाटतं डावा गेला. दोघंही एकदम उठतात आणि एकमेकांचा संसार हातात घ्यायला निघतात. त्या धावपळीत डिस्कांवरचं होत्याचं नव्हतं होतं.

"दोघंही धडधाकट, अन् दोघंही एकमेकांच्या मयताला निघालेले," रामटेके म्हणाले. "याच्यासारखं वाईट काही नाही बाप्पा." म्हणून त्यांनी त्या 'आहेस-आहे'च्या तारासुद्धा दोन ठेवल्या होत्या, दोन वेगळ्या वाटांनी.

आता त्यांच्या अकराच्या फोनबद्दल सांगायला हवं.

मोबाइलवर आलेला फोन घ्यायला पैसे पडेनासे झाले होते, पण करायला पडायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. सगळं पुणं मिस्ड कॉलवर चालायचं. खाली ये, एक रिंग. पोचलो, दोन रिंगा. रामटेक्यांच्या वरच्या खिशात एक जुना, बटणं झिजलेला फोन असायचा. तो रोज सकाळी अकराला एकदाच वाजायचा आणि बंद व्हायचा. ते असतील तिथं उभे राहायचे, मग त्या नंबरला एक रिंग द्यायचे, आणि फोन परत खिशात. साहेबांसमोर असोत, ऑडिटरसमोर असोत. न बोलता, न हसता.

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी आजारात गेली हे आम्हाला ठाऊक होतं. त्यामुळे अकराच्या रिंगेवर बँकेत बरीच चर्चा व्हायची. कुणी म्हणे दुसरं जमतंय, कुणी म्हणे जमलंय. आडून आडून विचारणं मला जमत नाही. मी सरळ विचारलं, "कोण आहे हो?"

"सासूबाई," ते म्हणाले.

"काय म्हणतात?"

"काही नाही. आम्ही बोलत नाही."

मग सांगितलं. सासूबाई कसबा पेठेतल्या, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या घरच्या. मुलगी शैला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची, तिथं या दोघांची ओळख. लग्न करायचं म्हटल्यावर घरात विचारलं गेलं ते एवढंच, की मुलगा कोणातला. बौद्ध म्हटल्यावर विषय संपला. लग्न कचेरीत झालं. सासूबाईंनी सांगून टाकलं, आजपासून दोघांशीही एक शब्द बोलणार नाही. कसब्यातलं माणूस, शब्दाला पक्कं. पुढे शैलानं शेजाऱ्यांच्या हाती आईकडे एक मोबाइल पाठवला. आईनं तो परत केला नाही, उचललाही नाही. पण एक दिवस सकाळची कामं आटोपल्यावर अकरा वाजता शैलाच्या फोनवर एक रिंग आली. बोलणार नाही म्हटलं होतं, वाजवणार नाही कुठं म्हटलं होतं? शैलानं उलट एक रिंग दिली. ते वर्षानुवर्षं चाललं.

"शेवटी शेवटी त्या दवाखान्यात येऊन बसायच्या. शैलाशी बोलायच्या. मी आत आलो की भिंतीकडे पाहायच्या." रामटेके केबलीवरची धूळ पुसत होते. "शैला गेल्यावर तिचा फोन मी बंद केला नाही. रोज चार्ज करायचो. काहून, ते नका विचारू. अन् एक दिवस अकराला वाजला. एकच रिंग."

"त्यांना माहीत होतं ना, की शैला..."

"त्यांच्यासमोरच गेली मॅडम."

"मग?"

"मग काय. तिकडून कोणी विचारलं, आहेस का. उत्तर द्यायला नको?"

मी एसीचं तपमान बघायला भिंतीकडे वळले. माणसाच्या मोठेपणाची मला इतकी सवय नाही.

त्यानंतर काही दिवसांनी संचालक मंडळाला मशीन बघायची लहर आली. न वापरता बसून राहणारा दुसरा कंट्रोलर विकत घेणारा माणूस कोण, हे त्यांना पाहायचं होतं. साहेबांनी रामटेक्यांना बजावलं, गुरुवारी अकराला सगळ्यांसमोर ओढा, आणि एखादी शाखा जरी अडखळली तरी मला तोंड दाखवू नका. रामटेके इतके खूश, की त्यांनी टाय लावला होता. संचालक रांगेत उभे होते. मी सरबताची व्यवस्था पाहत होते. अकराला पाच-सात मिनिटं कमी असतील.

अकरा वाजले. खिशातला फोन वाजला नाही.

रामटेक्यांनी फोन काढून पाहिला. मग स्वतः एक रिंग द्यायला गेले. तिकडून बाईचा गोड आवाज आला, आपण ज्या नंबरशी संपर्क करू इच्छिता तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा केला. पुन्हा तेच. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. रामटेक्यांचा चेहरा पार उतरला होता.

"कुलकर्णी," ते म्हणाले, "तुम्ही ओढा."

"मी?" कुलकर्ण्यांनी इतक्या वर्षांत कंट्रोलर फक्त पाहिला होता.

"दुसरे आहात ना? ओढा." आणि अध्यक्षांच्या बाजूनं वाट काढत ते दाराबाहेर पडले.

मी मागोमाग धावले. रामटेक्यांकडे गाडी नव्हती, बसनं यायचे. सरबताचा ट्रे शिपायाकडे दिला आणि त्यांना माझ्या स्कूटरवर घेतलं. आमचं मुख्य कार्यालय स्वारगेटला. तिथून कसब्याला जायचं तर बाजीराव रोडनं, कारण शिवाजी रोडवर वाहनं उलटी येतात. स्कूटर चालवताना मी कुणाचं ऐकत नाही. पण मागे बसलेला माणूस पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होता, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. शनिपाराच्या सिग्नलला एवढंच म्हणाले, "त्या एकट्या असतात. पडल्या असतील तर कोणाला कळणार नाही." मी सिग्नल पाहिला नाही.

कसब्यातल्या त्या गल्लीत तांब्यावर हातोड्या पडत होत्या. रामटेके कधी त्या दारापर्यंत गेले नव्हते, तरी त्यांनी दार बरोबर ओळखलं. दाराला बाहेरून कुलूप. शेजारच्या दुकानात एक वयस्क गृहस्थ हंडा ठोकत होते. मी ओरडून विचारलं, इथल्या बाई कुठं आहेत?

"आक्का ना? गेल्या आत्ताच रिक्षानं. स्वारगेटला, बँकेत." हातोडी थांबली. "रडत होत्या हो. त्यांचा जावई गेला म्हणे."

"कोण गेला?" मी विचारलं.

"जावई. शैलाचे मिस्टर. रोज फोनची उलट रिंग येते म्हणे त्याची, आज आलीच नाही. यांनी लावला तर लागेना. मी म्हटलं, आक्का, अहो रेंज नसेल, तर म्हणाल्या, तो तसा माणूस नाही, तो असता तर वाजवला असता. आपण कोण?"

रामटेके पायरीवर उभे होते. आपण मेल्याची बातमी ते ऐकत होते आणि तिच्यातला एकच शब्द त्यांना ऐकू आला होता.

"जावई म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"मग काय म्हणणार? जावईच ना?"

"तुमी नीट ऐकलं ना? जावईच म्हणाल्या?"

गृहस्थ आमच्याकडे जरा संशयानं पाहू लागले. तेवढ्यात दुकानातला पोऱ्या म्हणाला, सकाळपासून त्या कंपनीचा टॉवर बंद आहे, सगळ्या पेठेची रेंज गेलीय. रामटेक्यांनी कपाळाला हात लावला. दोघांचे फोन एकाच कंपनीचे. दुसरी वाट नाही. शेजाऱ्यांचा नंबर नाही. "पाहिलं नाही मॅडम," ते म्हणाले, "मी नुसतं मानलं." दोघं धडधाकट, आणि दोघं एकमेकांच्या मयताला निघालेले. बाजीराव रोडनं चढलो आम्ही, आणि शिवाजी रोडनं उतरली त्यांची रिक्षा, तेव्हा वाटेत गाठ पडायची सोयच नव्हती.

आम्ही परत पोचेपर्यंत बँकेत काय झालं ते कुलकर्ण्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी बराच वेळ घुटमळून, मग डोळे मिटून कंट्रोलर ओढला होता. काही झालं नव्हतं. संचालक टाळ्या वाजवत असतानाच एक ठेंगणी, नऊवारीतली म्हातारी पहारेकऱ्याला ढकलून आत आली. डोळे कोरडे, पदर खोचलेला. "रामटेक्यांची सासू मी," म्हणाली. "त्याचं इकडे कोणी नाही. गावाकडची माणसं येईपर्यंत वेळ जाईल. जे काय करायचं ते मी करणार. कुठं ठेवलंय त्याला?"

कुलकर्णी म्हणाले, अहो ते स्कूटरवरून बाहेर गेलेत. तर म्हणाली, "मला खोटं सांगू नका. माझी मुलगी गेलीय, मी घट्ट आहे. माझ्या ताब्यात द्या."

अध्यक्षांनी स्वतः उठून त्यांना आपली खुर्ची दिली.

आम्ही आत शिरलो तेव्हा त्या त्याच खुर्चीत ताठ बसल्या होत्या. रामटेके दारात थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या उठल्या. पुढे आल्या. त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, टायवर नजर जरा जास्त वेळ थांबली. मला वाटलं, आता बोलतील. त्या माझ्याकडे वळल्या.

"यांना विचारा, रिंग का दिली नाही."

रामटेके त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. ते मला म्हणाले, "त्यांना सांगा, टॉवर बंद होता."

"टॉवर बंद होता," मी सांगितलं.

"ऐकलं. बहिरी नाही मी. यांना म्हणावं, मग दुसऱ्या कंपनीचा एक नंबर नको का घेऊन ठेवायला? एकाच तारेवर जीव टांगून ठेवायचा म्हणजे काय? इंजिनियर आहेत ना?"

कुलकर्णी छताकडे पाहत होते.

"त्यांना सांगा," रामटेके हळूच म्हणाले, "चूक झाली."

सासूबाईंनी पदराच्या टोकानं ओठ पुसले. मग मला म्हणाल्या, "यांना सांगा, वाळलेत." आणि कुणाचाही निरोप न घेता जिना उतरून गेल्या. रामटेके रिक्षा बघून द्यायला मागे धावले, तर त्यांनी वळून न पाहता हातानंच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मी एसीवाल्याला घेऊन मशीनरूममध्ये होते. अकरा वाजले आणि रामटेक्यांच्या खिशातला जुना फोन वाजला. एक रिंग झाली. रामटेके ती बंद व्हायची वाट पाहत उभे राहिले, परत द्यायला अंगठा तयार ठेवून. दुसरी रिंग झाली. तिसरी झाली. फोन थांबेना. ते त्याच्याकडे बघत होते, आणि सगळ्या बँकेचा मेंदू भर कामात हातानं ओढणाऱ्या त्या माणसाला एक बटण दाबवेना.

"मॅडम, थांबून नाही राहिला तो," ते म्हणाले.

"अहो, मग उचला!"

त्यांनी बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. तिकडून हातोड्यांचे आवाज येत होते, आणि त्यांच्यावर चढवलेला एक करडा आवाज. शब्द मला कळले नाहीत. एसीवाला शिडीवरून काहीतरी विचारत होता, मी त्याला खुणेनं गप्प केलं आणि एसी बंद करायला लावला.

रामटेक्यांनी दुसरा कान हातानं झाकून घेतला होता.

"ऐकू येते, आई," ते म्हणाले. "बोला तुम्ही."